बॅटरी नवी, तरी लाल दिवा जुनाच

पत्र थोडक्यात: सोलापुरातल्या एका वाचक ताईंकडे वडिलांची २००९ ची जर्मन गाडी आहे. पेट्रोल, सहा सिलिंडर, ऑटोमॅटिक. अप्पा गेल्यापासून ती त्या स्वतः चालवतात, होटगी रोडवरच्या घरापासून टॉवेलच्या दुकानापर्यंत, जाऊन-येऊन रोज आठ किलोमीटर. गेल्या उन्हाळ्यापासून सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, एसी लावला की जास्तच. मधूनच बॅटरीचा लाल दिवा लागतो, 'वर्कशॉपला जा' असा संदेश येतो, आणि रेस वाढवली की दोन्ही गायब. चार दिवस गाडी जागची हलली नाही तर सेल्फ लागत नाही. नेहमीच्या मिस्त्रींनी आठ महिन्यांपूर्वी बॅटरी बदलली. ९५ एएचची (एएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) निघाली, ६५ ची बसली. फरक पडला नाही. दुसऱ्या गॅरेजने अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, बदलायला सांगितला. पुण्याहून फोनवर कुणीतरी इंजिनाचा संगणकच गेला असेल म्हणालं. भाऊ म्हणतो, भंगारात काढ. ताई विचारतात: "नक्की काय बदलू? आणि आमचे अण्णा मिस्त्री आम्हाला फसवतायत का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गाडीच्या दुखण्याचं मूळ मला तिथे जास्त दिसतं. मी स्वतः सत्तावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलंय, तेव्हा मिस्त्रीची बाजू मला आतून माहीत आहे. आपल्याकडे मिस्त्रीला बघण्याचे पैसे कुणी देत नाही. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "जरा बघा की ओ, दिवा लागतोय." मिस्त्री अर्धा तास बोनेटमध्ये डोकं घालतो आणि म्हणतो, वायर ढिली होती, आवळली. गिऱ्हाईक म्हणतं, "मग त्याचे कसले पैसे?" हे चार वेळा झालं की पाचव्या वेळी तो बॅटरी बदलतो. बॅटरी बदलली की कोणी वाद घालत नाही, हातात वस्तू दिसते. अण्णांनी फसवलं असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. त्यांनी अंदाज बांधला, आणि अंदाजाचे पैसे बॅटरीच्या बिलात आले. दुसऱ्या गॅरेजचा अल्टरनेटरही अंदाजच. पुण्याचा संगणक तर फोनवरचा अंदाज.

तिघांपैकी एकानेही तुम्हाला आकडा सांगितलेला नाही, हे लक्षात आलं का? पत्रात दिवा आहे, थरथर आहे, पैसे आहेत, पण व्होल्ट कुठेच नाहीत. तुमचा टॉवेलचा धंदा आहे, तेव्हा माग पाहिलेला असणार. माग थांबला की जॉबर आधी धागा कुठे तुटला ते बघतो. मोटार बदलून आणा असं पहिल्या मिनिटाला कुणी म्हणत नाही.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात, एक थरथरीची आणि एक बॅटरीची, आणि दोन्हींसाठी दोन वेगळे खर्च धरलेत. असेलही तसं. पण या दोन गोष्टी एकमेकींना खाली ओढतात. इंजिन स्लोला, म्हणजे गाडी उभी आणि रेस दिलेली नसताना, मिनिटाला साधारण ६००-७०० फेऱ्यांवर चालतं. अल्टरनेटर पट्ट्यावर फिरतो, इंजिनाच्या दोन-अडीच पट वेगाने, म्हणजे सिग्नलला त्याची ताकद सगळ्यात कमी असते. त्यात एसी, रेडिएटरचा पंखा, ब्लोअर, दिवे. इंजिन काही कारणाने मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नसेल, आणि फेऱ्या ५०० कडे झुकत असतील, तर अल्टरनेटर चांगला असूनही लाल दिवा लागू शकतो. आणि उलटंही होतं. व्होल्टेज पडलं की कॉइलचा स्पार्क कमजोर होतो, इंजेक्टर उघडायला उशीर होतो, इंजिन अडखळतं. रेस वाढवली की दोन्ही जातं, हे तुम्ही लिहिलंय ना, ते या दोन्ही गोष्टींना लागू पडतं. म्हणूनच नुसत्या लक्षणावरून कुणी छातीठोक सांगत असेल तर थोडं थांबा.

सुरुवात विजेपासून करायची. कारण असं, की व्होल्टेज पडलेलं असताना स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावला तर पंधरा-वीस फॉल्ट निघतात. एअरबॅग, गिअरबॉक्स, ब्रेक, दरवाजे, सगळे रडतात. त्यातले बरेचसे नुसते कमी व्होल्टेजचे असतात. संगणक गेला असेल हा निष्कर्ष बहुतेक अशाच एखाद्या यादीतून येतो. आधी बॅटरी चांगल्या चार्जरवर रात्रभर पूर्ण चार्ज करायची, फॉल्ट पुसायचे, दोन दिवस गाडी चालवायची आणि मग पुन्हा स्कॅन. उरतील ते खरे.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर विकत घ्या. साधा चालेल, दुकानात यंत्राच्या वायरिंगलाही उपयोगी पडेल. सकाळी गाडी चालू करण्याआधी मोजा. त्या काळातल्या बऱ्याच जर्मन गाड्यांची बॅटरी डिकीत असते, पण बोनेटखाली जंप देण्यासाठी एक प्लसचा ठोकळा आणि अर्थचा, म्हणजे मायनसचा, बोल्ट दिलेला असतो; तिथे मोजलं तरी चालतं. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना कुणाला तरी आकड्यावर नजर ठेवायला सांगा. तो साडेनऊ-दहाच्या खाली पडू नये. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या आसपास हवा. काही गाड्यांत बॅटरी भरली की संगणक मुद्दाम चार्जिंग कमी करतो, त्यामुळे हा आकडा हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावूनच बघायचा. सगळं लावल्यावर स्लोला १२.५ वर आला आणि १५०० फेऱ्यांवर पुन्हा १४ झाला, तर पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर, पुली किंवा इंजिनाच्या कमी फेऱ्या यांच्याकडे बघायचं. रेस वाढवूनही हलला नाही तर अल्टरनेटरचा कटआउट (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग), कार्बन (आतले ब्रश) किंवा त्याची जाड वायर. कटआउट आणि कार्बन बदलण्याचं काम सोलापुरात होतं. त्यासाठी अख्खा अल्टरनेटर नवा घ्यायची गरज नसते.

आणि आता मी सगळ्यात आधी बघेन ती जागा. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक डिझेल गाडी आली होती, अशीच. दिवे मंद, लाल दिवा, सेल्फ जड. मी अल्टरनेटर बदलला. तीन दिवसांनी गाडी परत. गिऱ्हाईक काही बोललं नाही, नुसतं किल्ली टेबलावर ठेवून चहा प्यायला गेलं. ते जास्त लागलं. दुपारभर झोपून शोधलं तेव्हा गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी विणलेली अर्थची पट्टी सापडली. वरून ठीक दिसत होती. बोल्ट काढला तर पट्टीच्या डोळ्याखाली हिरवी-पांढरी पूड. पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला, आणि मीटर सरळ चौदाच्या वर. जुना अल्टरनेटर तोपर्यंत मी भंगारात घातला होता. चांगला होता तो.

ही पट्टी तपासायची पद्धत पाच मिनिटांची आहे. गाडी चालू, दिवे-ब्लोअर चालू, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. आकडा शून्याच्या जवळ हवा. ०.२ च्या वर गेला तर वीज वाटेत अडकतेय. तसंच अल्टरनेटरच्या जाड वायरीचं, प्लस बाजूला. बॅटरी डिकीत आणि अल्टरनेटर पुढे असेल तर मधे गाडीभर लांबीची केबल असते. तिचा एखादा जोड सोळा वर्षांच्या धुळीत आणि आपल्या उन्हात सैल झाला तर नवल नाही.

चार दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही, हा धागा वेगळा आहे आणि महत्त्वाचा. गाडी लॉक केल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तिचे सगळे भाग झोपी जायला हवेत. झोपलेली गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत खाते. समजा काहीतरी जागं राहिलं आणि अर्धा अँपिअर ओढत राहिलं, तर दिवसाला १२ एएच, चार दिवसांत ४८. तुमच्या जुन्या ९५ च्या बॅटरीने ते पचवलं असतं आणि सकाळी कसंबसं स्टार्ट दिलं असतं. ६५ ची आडवी होते. म्हणजे जुनं दुखणं मोठ्या बॅटरीने झाकलेलं असण्याची शक्यता आहे. ते मोजायला क्लॅम्प मीटर किंवा मायनसला मीटर जोडून तासभर थांबावं लागतं. डिकी उघडी ठेवून मोजायचं असेल तर लॉकची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद करायची, म्हणजे गाडीला डिकी बंद वाटते. काम झाल्यावर ती उघडल्याशिवाय डिकी आपटू नका. मी आपटली आहे एकदा. मग एकेक फ्यूज काढत जायचं. आकडा जिथे पडतो तिथे चोर. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, ट्रॅकर यांच्यापासून सुरुवात करा. अल्टरनेटरचा खराब डायोडही रात्री बॅटरी पितो, तोही इथेच पकडला जातो. उंदरांनी कुरतडलेली वायर मी किती पाहिल्यात, मोजदाद नाही.

रोजचे आठ किलोमीटरही यात आहेतच. सेल्फने घेतलेली वीज चार किलोमीटरच्या रांगत्या प्रवासात, एसीसकट, परत भरत नाही. तुमची बॅटरी चांगली असली तरी अर्धपोटी जगतेय. आठवड्यातून एकदा अक्कलकोटला जाऊन या, नाहीतर महिन्यातून दोनदा चार्जर लावा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारचा पारा ४०-४२ पर्यंत जातो आणि उष्णता बॅटरीला थंडीपेक्षा जास्त मारते. तापमान सरासरीने १० अंश वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

बॅटरी पुन्हा घ्याल तेव्हा मूळच्याच मापाची आणि मूळच्याच प्रकारची घ्या. अशा गाड्यांत बऱ्याचदा एजीएम (काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली) बॅटरी येते. शिवाय काही गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवर सेन्सर असतो आणि बॅटरीच्या वयाप्रमाणे संगणक चार्जिंग ठरवतो. नवी बसवल्याचं त्याला लॅपटॉपवरून सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तो नव्या बॅटरीला म्हातारी समजून चार्ज करत राहतो. अण्णांकडे ते यंत्र नसेल, यात त्यांचा दोष नाही.

काही गोष्टी मात्र कुणालाही करू देऊ नका. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "गाडी बंद पडते का बघू" ही जुनी परीक्षा. डायनॅमोच्या जमान्यात ती खपून गेली. आता त्या एका क्षणात व्होल्टेज उसळतं आणि संगणक खरोखरच जाऊ शकतो. मग पुण्याच्या माणसाचं भाकीत खरं ठरायचं. दुसरं, हायवेवर अडकलात तर ट्रकवाल्याकडून जंप घेऊ नका. त्याचे २४ व्होल्ट, तुमचे १२. आणि लाल दिवा लागला आणि त्याच वेळी तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर तिथल्या तिथे गाडी बंद. बऱ्याच इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला असेल तर घर जवळ आहे म्हणून रेटलेल्या दोन किलोमीटरमध्ये इंजिनाचं हेड जाईल.

वीज ठीक झाल्यावर थरथर उरली तर पुढे. आधी एक साधी खूण: फेऱ्यांचा काटा स्थिर आहे आणि तरी स्टिअरिंग, सीट हलतंय का? ब्रेकवर पाय ठेवून डी मध्ये (गिअर टाकलेला) थरथरते आणि एन मध्ये (न्यूट्रल) शांत होते का? तसं असेल तर इंजिन बहुधा निर्दोष आहे, त्याला खालून धरून ठेवणारी फाउंडेशन बसली आहेत. आत तेल भरलेली रबरी असतात ती, पंधरा वर्षांत चेपतात. लोक यापायी प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळं बदलून मोकळे होतात.

काटाच नाचत असेल तर स्कॅनरवर चालू आकडे बघायला सांगा, नुसते फॉल्ट कोड नकोत. कोणत्या सिलिंडरचं मिसिंग मोजलं जातंय ते कळतं. समजा चार नंबरचं. चारची कॉइल काढून दोनवर, दोनची चारवर. मिसिंग दोनवर गेलं तर कॉइल दोषी, चारवरच राहिलं तर प्लग किंवा इंजेक्टर. या अदलाबदलीला एक रुपयाचाही पार्ट लागत नाही. आणि फ्यूएल ट्रिम बघा, म्हणजे संगणक नेहमीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा. स्लोला अधिक १५-२० टक्के आणि अडीच हजार फेऱ्यांवर जवळपास शून्य, असं दिसलं तर कुठूनतरी चोरटी हवा आत येतेय. तडकलेला रबरी पाइप, इनटेकचं गॅस्केट, किंवा क्रँककेसच्या ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातली वाफ काढून घेणाऱ्या भागाचा) फाटलेला पडदा. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडायला जड जातंय, आतून ओढल्यासारखं, आणि शिट्टीसारखा आवाज येतोय, तर ब्रीदरच. हे धूर सोडून तपासतात. पेट्रोल किंवा कुठला स्प्रे मारून तपासू नका, गरम इंजिनावर.

इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी काळी झाली असेल तर साफ करून घ्या. पण ती साफ केल्यावर, किंवा बॅटरी सोडल्यावर, स्लो काही काळ वरखाली होतो. संगणक पुन्हा शिकत असतो. त्याच संध्याकाळी घाबरून गॅरेजला पळू नका.

हल्ली प्रत्येक थरथर पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलच्या माथी मारायची पद्धत पडलीय. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात हे बोलणं म्हणजे थोडं घरच्यालाच नाव ठेवणं. २००९ ची गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही हे खरं, जुनी रबरं त्याने लवकर झिजू शकतात, आणि उभ्या गाडीच्या टाकीत इथेनॉल ओलावा धरतं. म्हणून टाकी अर्धी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका. पण इथेनॉलमुळे एकच सिलिंडर मिसिंग मारत नाही.

पुण्याला न्यायची का? या अवस्थेत चालवत तर अजिबात नाही. अडीचशे किलोमीटर आहे. अल्टरनेटर खरंच बंद असेल तर बॅटरीच्या जोरावर गाडी तासभर चालली तरी खूप, म्हणजे वाटेत टेंभुर्णीच्या आसपास रात्र. न्यायचीच वेळ आली तर सपाट ट्रेलरवर. दोरीने ओढून नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जातो. पण मला वाटतं तुमचं काम ऐंशी टक्के इथेच उरकेल. फक्त कोडिंगला, म्हणजे नवी बॅटरी संगणकाला सांगायला, लॅपटॉपवाला लागेल, आणि तसा माणूस सोलापुरात येऊन-जाऊन असतो, चौकशी करा.

भावाचं म्हणणं उडवून लावू नका, पण आत्ता ऐकूही नका. लाल दिवा लागलेली गाडी बघायला आलेला माणूस भंगाराचाच भाव सांगणार. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलीय असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे कागद ठीक आहेत. पुढच्या पीयूसीला हीच थरथर आडवी येईल, कारण पेट्रोल गाडीचा धूर स्लोलाही मोजतात. आधी दुखणं काढा, सहा महिने चालवा, खर्च वहीत लिहा. मग दादांबरोबर वही घेऊन बसा. अप्पांची गाडी म्हणून ठेवायची असेल तर तेही कारण चालेल, फक्त ते बॅटरीच्या बिलात लपवू नका.

आता अण्णा. त्यांच्याकडे जा आणि असं म्हणा: "अण्णा, यावेळी काही बदलायचं नाही. अर्धा दिवस नुसतं मोजायचं, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे मी देणार. आकडे कागदावर लिहून द्या." आधी ते हसतील, कदाचित म्हणतील, "तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे?" तरी द्या. सत्तावीस वर्षांत हे वाक्य मला तीनच गिऱ्हाइकांनी म्हटलं, आणि त्या तिन्ही गाड्यांना मी घरच्या गाडीसारखं बघितलं.

एक काम मात्र त्या अर्ध्या दिवसाची वाट न बघता आजच करा. तुमची बॅटरी डिकीत असेल तर ती बदलताना तिच्या बाजूची बारीक नळी परत लावली आहे का बघा. चार्ज होताना बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ती गाडीच्या तळातून बाहेर सोडते. नळी तशीच लोंबत असेल, किंवा नव्या बॅटरीला नळीचं तोंडच नसेल, तर तो वायू डिकीत साठतो. डिकीत टॉवेलचे गठ्ठे असतील तर ते आधी उतरवा.